मिनिमाइझ केल्यावर पाच मिनिटांनी पान पेंगतं, व्हिजिबिलिटी खोटी करूनही

मागवाला_इचल · सोमवार, रात्री ११:५०

मंडळी नमस्कार. फोनवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीच आहे, त्यामुळं कोडमधली नावं जशी आहेत तशी वाचून घ्या.

इचलकरंजीत आमचा वडिलांपासूनचा कारखाना आहे, २४ रेपिअर माग. माग देणाऱ्या कंपनीनं प्रत्येक मागाला एक डबी लावून दिलीय आणि त्या सगळ्या डब्यांचं मिळून एक वेब पान. पानावर २४ चौकोन. माग चालू असला की हिरवा, ताणा तुटला की पिवळा, दोन मिनिटांपेक्षा जास्त उभा राहिला की लाल आणि घंटी. पान दर ५ सेकंदांनी सर्व्हरला विचारतं. एवढंच.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच, त्यावर दिवाणजी दिवसभर टॅली करतात. ब्राउजरच्या टॅबात पान ठेवलं की संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातून टॅब बंद झालेलाच असायचा. म्हणून मी ते इलेक्ट्रॉनमध्ये (वेब पानाचं डेस्कटॉप ॲप करणारं साधन) गुंडाळलं. वर एक बारकी पट्टी, त्यात कारखान्याचं नाव, पाळी आणि घड्याळ. खाली ते पान. बंद करायचं बटण मुद्दाम काढून टाकलं. तर दिवाणजी मिनिमाइझ करायला लागले.

मिनिमाइझ केलं की घंटी गप्प. खिडकी वर काढली की एकदम चार चौकोन लाल. पानाचा कोड उघडून बघितला तर विचारणा करणाऱ्या फंक्शनची पहिलीच ओळ अशी, की डॉक्युमेंट.हिडन (पान लपलंय का) खरं असेल तर परत फिर. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "खिडकी उघडी ठेवा की." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

मग मी दोन कामं केली. ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टी वापरून डॉक्युमेंट.हिडन कायम फॉल्स आणि व्हिजिबिलिटीस्टेट कायम 'व्हिजिबल' केलं. आणि विंडोवर, कॅप्चरमध्ये, व्हिजिबिलिटीचेंज पकडून स्टॉपइमिजिएटप्रोपगेशन, म्हणजे 'पान लपलं' ही बातमी पानापर्यंत पोचायच्या आधीच अडवली. हे आधी नुसतं प्रीलोडमध्ये (पानाच्या आधी चालणारी माझी स्क्रिप्ट) लिहिलं होतं आणि एक पूर्ण रविवार वाया गेला. इव्हेंट अडत होता पण हिडन 'ट्रू'च यायचं. अर्ध काम होतंय, अर्ध नाही, म्हणजे नक्की काय? शेवटी डेव्हटूल्सच्या कन्सोलवर ती जी 'टॉप' लिहिलेली छोटी यादी असते ती उघडली, तर खाली 'इलेक्ट्रॉन आयसोलेटेड कॉन्टेक्स्ट' म्हणून दुसरं नाव. खिडकी लपवली असताना तिथं विचारलं की हिडन फॉल्स, 'टॉप'मध्ये विचारलं की ट्रू. म्हणजे मी बदललेलं डॉक्युमेंट प्रीलोडच्या स्वतःच्या खोलीतलं होतं, पानाच्या खोलीत जुनंच. मग वेबफ्रेम.एक्झिक्यूटजावास्क्रिप्टनं तोच तुकडा पानाच्या बाजूला ढकलला आणि चाललं.

चाललं म्हणजे पाच मिनिटं. आता खरा प्रश्न. मिनिमाइझ केल्यावर पहिली पाच मिनिटं दर ५ सेकंदांनी विचारणा जाते. त्यानंतर मिनिटाला एकदा. मी प्रत्येक विचारणेची वेळ आणि त्या वेळचं व्हिजिबिलिटीस्टेट फाइलीत टाकतोय:

२:०४:५० व्हिजिबल
२:०४:५५ व्हिजिबल
२:०५:५५ व्हिजिबल
२:०६:५५ व्हिजिबल

स्टेट तर 'व्हिजिबल'च आहे, मग धीमं कशानं होतंय? अजून एक विचित्र प्रकार. घंटी वाजली की त्यानंतर थोडा वेळ सगळं परत ५-५ सेकंदांवर येतं, आणि मग पुन्हा मिनिटावर.

एका मिनिटानं काय बिघडतं असं कोणी विचारायच्या आत सांगतो. आमचे माग मिनिटाला ४५० पिक (आडवे धागे) मारतात, कापड इंचाला ६० पिकांचं. म्हणजे मिनिटाला साडेसात इंच कापड. विणकराची मजुरी पिकावर. माग उभा राहिला की त्याचंही जातं, आमचंही जातं.

---

खिडकीतून_पुणे · मंगळवार, सकाळी ८:१५

प्रश्न नीट मांडलात, नोंदीही दिल्यात, हे इथं क्वचित घडतं. आता त्या नोंदींबद्दलच बोलू.

फाइलीत 'व्हिजिबल' येतंय, कारण ते तुम्हीच तिथं लिहून ठेवलंय. आपणच दारावर 'मालक घरी आहेत' अशी पाटी लावायची आणि तीच पाटी वाचून मालक घरी आहेत असं समजायचं, असं चाललंय. तुम्ही पानाला फसवलंत. क्रोमियमला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या आतल्या ब्राउजर इंजिनाला, नाही. खिडकी लपलेली आहे हे क्रोमियमला जावास्क्रिप्टमधून कळत नाही, ते खालच्या थरातून थेट कळतं, आणि टायमर कधी सोडायचे हे तोच थर ठरवतो.

पेज व्हिजिबिलिटी ही पानाला दिलेली नुसती खबर आहे. डब्ल्यूथ्रीसीनं (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २०१३ साली ती शिफारस म्हणून पक्की केली, हेतू असा की पानं स्वतःहून शहाणी होतील, लपल्यावर फुकटचं काम थांबवतील. पानं काही शहाणी झाली नाहीत. मग ब्राउजरांनी स्वतःच लगाम घातला. क्रोममध्ये लपलेल्या पानाचा टायमर सेकंदाला एकदा हे तर फार जुनं आहे. तुमचा टायमर मुळात ५ सेकंदांचा, त्यामुळे हा लगाम तुम्हाला जाणवलाच नाही. तुम्हाला जाणवतोय तो दुसरा, जानेवारी २०२१ मध्ये क्रोम ८८ बरोबर आलेला. पान पाच मिनिटांहून जास्त लपलेलं, टायमरमधून टायमर अशी साखळी पाच कड्यांपर्यंत गेलेली, पान किमान ३० सेकंद गप्प, आणि वेबआरटीसी (ब्राउजरमधला थेट ऑडिओ-व्हिडिओ कॉल) चालू नाही. हे सगळं जुळलं की टायमर मिनिटाला एकदा. सेटइंटरव्हल आपोआप साखळीत धरला जातो.

'किमान ३० सेकंद गप्प' यात तुमच्या विचित्र प्रकाराचं उत्तर आहे. घंटी वाजली, पान बोलकं झालं, लगाम सुटला. अर्धा मिनिट शांतता झाली, लगाम परत.

खरी स्थिती बघायची असेल तर तुमचा तो वाया गेलेला रविवार कामी येतो. प्रीलोडच्या खोलीतलं डॉक्युमेंट आता खोटं करू नका, आणि नोंद तिथून घ्या. तिथं खरं दिसेल.

उपाय इलेक्ट्रॉनमध्ये तयार आहे. वेबप्रेफरन्सेसमध्ये (खिडकी बनवताना द्यायच्या सेटिंग्ज) बॅकग्राउंडथ्रॉटलिंग फॉल्स करा. तो लावल्यावर टायमर तर मोकळे होतातच, शिवाय खिडकी मिनिमाइझ केली, लपवली, झाकली गेली तरी व्हिजिबिलिटीस्टेट खऱ्या अर्थानं 'व्हिजिबल' राहतं. मग तुमची ती डिफाइनप्रॉपर्टीची थाप काढून टाकता येईल, आणि काढाच.

---

मागवाला_इचल · मंगळवार, दुपारी १:३०

पाटीचं बरोबर बोललात, वाचून स्वतःचंच हसू आलं.

प्रीलोडमधून नोंद घेतली. मिनिमाइझ केल्या क्षणी 'हिडन'. पण साहेब, बॅकग्राउंडथ्रॉटलिंग फॉल्स मी पहिल्याच दिवशी लावलेलं आहे! ब्राउजरविंडो तयार करताना, वेबप्रेफरन्सेसमध्ये, स्पेलिंग तीनदा तपासलं. काही फरक नाही. वरच्या पट्टीतलं घड्याळ मात्र बरोबर चालतं, सेकंदालासुद्धा चुकत नाही.

अजून एक निरीक्षण. टॅली नुसती वर आली आणि माझी खिडकी मागे पूर्ण झाकली गेली तर काही होत नाही. मिनिमाइझ केलं तरच होतं. विंडोज १० आहे.

---

रात्रपाळी_श्टुटगार्ट · मंगळवार, संध्याकाळी ७:०५

घड्याळ बरोबर चालतंय हेच उत्तर आहे. वरची पट्टी आणि खालचं पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? पान तुम्ही वेबकॉन्टेंट्सव्ह्यूमध्ये (खिडकीच्या आत पान दाखवणारा वेगळा कप्पा) टाकलं असणार. त्या व्ह्यूला त्याच्या स्वतःच्या वेबप्रेफरन्सेस असतात. बाहेरच्या खिडकीला दिलेली मुभा आतल्या पाहुण्याला मिळत नाही. तुम्ही जागं ठेवलंत ते घड्याळ.

नवा व्ह्यू बनवताना तिथंच बॅकग्राउंडथ्रॉटलिंग फॉल्स द्या. किंवा तयार झालेल्या व्ह्यूच्या वेबकॉन्टेंट्सवर सेटबॅकग्राउंडथ्रॉटलिंग(फॉल्स) बोलवा.

झाकलेल्या खिडकीचं निरीक्षणही जुळतं. इलेक्ट्रॉनमध्ये विंडोजवर आणि लिनक्सवर फक्त मिनिमाइझ किंवा हाइड केल्यावर 'हिडन' होतं. मॅकवर मात्र दुसऱ्या खिडकीनं पूर्ण झाकलं तरी 'हिडन'. आमच्याकडे टेस्टिंगच्या हॉलमध्ये भिंतीवरच्या पडद्याला मॅक जोडलेला होता. कोणीतरी त्यावर जेवणाचा मेन्यू पूर्ण पडदाभर उघडून ठेवला आणि मागचा आलेख दीड तास जिथल्या तिथं. रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम (चित्र हलतं ठेवणारं फंक्शन) तर लपल्यावर पूर्णच थांबतो, मिनिटाला एकदाही नाही. त्या दिवशी मी हे सगळं वाचलं.

इंटरनेटवर अजून तीन स्विच (ॲप सुरू होताना क्रोमियमला द्यायचे पर्याय) सापडतील: डिसेबल-बॅकग्राउंड-टायमर-थ्रॉटलिंग, डिसेबल-रेंडरर-बॅकग्राउंडिंग, डिसेबल-बॅकग्राउंडिंग-ऑक्लुडेड-विंडोज. ते लावायचे तर ॲपच्या रेडीच्या आधी, फाइलीच्या अगदी वरच्या ओळींत. व्हेनरेडीच्या आत लिहिले की गाडी सुटल्यावर तिकीट काढल्यासारखं. पण आधी व्ह्यूचं करा, बहुतेक यांची गरज पडणार नाही.

---

नवखा_कोडकर · मंगळवार, रात्री ९:२०

खूप छान माहिती. हीच युक्ती ऑनलाइन परीक्षेच्या साइटवर चालेल का? टॅब बदलला की वॉर्निंग येते. मित्रासाठी विचारतोय.

---

खिडकीतून_पुणे · मंगळवार, रात्री ९:२६

मित्राला अभ्यास करायला सांगा.

---

नवखा_कोडकर · मंगळवार, रात्री ९:३१

😅 ओके सर

---

टाउरीवाली_ठाणे · बुधवार, सकाळी १०:४०

परीक्षा सोडून बोलूया. मी हेच टाउरीत (इलेक्ट्रॉनसारखंच दुसरं साधन) करत होते, तिथला अनुभव लिहून ठेवते, पुढे कोणाला लागेल. टाउरी स्वतःचं क्रोमियम आणत नाही. विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके, म्हणजे तीन घरं, तीन सासवा. इनिशिअलायझेशन स्क्रिप्ट पानाच्या आधी आणि पानाच्याच खोलीत चालते, त्यामुळे मागवाल्या दादांचा तो रविवारचा घोळ तिथे होत नाही, हिडन खोटं करणं सोपं. पण बॅकग्राउंड थ्रॉटलिंगचा पर्याय मॅकओएस १४ पासून पुढे, आणि विंडोजवर त्याचा उपयोग नाही. त्यामुळे पानाला फसवणं सोपं आणि इंजिनाला थांबवणं अवघड, असं उलटं प्रकरण आहे.

दादा, एक सुचवू? घंटीचं काम पानाकडे ठेवूच नका. इलेक्ट्रॉनच्या मेन प्रोसेसमध्ये (खिडक्यांमागं चालणारा ॲपचा मुख्य भाग) नोड चालतो, तिथल्या टायमरांना खिडकी दिसते की नाही याच्याशी देणंघेणं नाही. पान ज्या पत्त्यावर विचारतं त्याच पत्त्यावर मेनमधून सेशनच्या फेचनं विचारा, म्हणजे लॉगिनची कुकीही तीच जाईल. लाल दिसलं की नोटिफिकेशन आणि फ्लॅशफ्रेम, टास्कबारवरचं चिन्ह चमकायला लागतं. उद्या कंपनीनं पानाचा कोड बदलला तर तुमची डिफाइनप्रॉपर्टी कुठे पुरणार? ती उद्या डॉक्युमेंट.हॅजफोकस विचारायला लागली तर? ब्लर-फोकस तर व्हिजिबिलिटीपेक्षा वेगळीच भानगड आहे, टॅलीवर नुसतं क्लिक केलं तरी ब्लर होतो.

---

खिडकीतून_पुणे · बुधवार, सकाळी ११:०२

मेन प्रोसेसचा मार्ग सगळ्यांत टिकाऊ, मान्य. फक्त कंपनीच्या सर्व्हरला दर ५ सेकंदांनी दोनदा विचारू नका, पान एकदा आणि मेन एकदा. तो हिडनचा तपास त्यांनी उगीच टाकलेला नसणार. शंभर कारखान्यांत पानं उघडी पडून असतील तर रात्रभर त्यांचाच सर्व्हर दमतो.

---

मागवाला_इचल · शुक्रवार, सकाळी ७:४०

मंडळी, झालं. सविस्तर लिहितो, कारण मधे अजून एक खड्डा लागला.

श्टुटगार्टच्या दादांनी म्हटल्याप्रमाणे मुभा व्ह्यूला दिली. डिफाइनप्रॉपर्टी आणि इव्हेंट अडवणं, दोन्ही काढून टाकलं. बुधवारी रात्री मिनिमाइझ करून नोंदी चालू ठेवल्या आणि घरी गेलो. सकाळी फाइल उघडली तर १२:३० नंतर एक ओळ नाही. परत डोकं धरलं. मग लक्षात आलं, कॉम्प्युटरच झोपला होता. दिवाणजींनी वीज वाचावी म्हणून सेटिंगमध्ये तसं करून ठेवलंय. त्यांना न विचारता पॉवरसेव्हब्लॉकर लावला, प्रिव्हेंट-ॲप-सस्पेन्शनवाला. पडदा काळा होतो, यंत्र झोपत नाही.

काल रात्री १०:०५ ते आज सकाळी ७:०५. नऊ तासांत दर ५ सेकंदांच्या हिशेबानं ६,४८० नोंदी व्हायला हव्या होत्या, ६,४७१ आहेत. सगळ्यांत मोठं अंतर ७ सेकंद. सगळ्या 'व्हिजिबल', आणि या वेळी प्रीलोडमधून घेतलेल्या, म्हणजे खऱ्या. तीनचे साडेतीन होताना १७ नंबरच्या मागाचा ताणा चारदा तुटलाय, त्याच्या बीमचं सायझिंगच (ताण्याच्या धाग्यांना दिलेली खळ) खराब आहे अशी शंका आधीपासून होती. आता कागदावर आलं.

ठाण्याच्या ताईंचा मेन प्रोसेसचा मार्ग पुढच्या महिन्यात करणार. सर्व्हरला दोनदा विचारायचं नाही, हेही डोक्यात आहे.

---

रात्रपाळी_श्टुटगार्ट · शुक्रवार, दुपारी १२:५०

मस्त! आता दिवाणजी खूश?

---

मागवाला_इचल · शनिवार, संध्याकाळी ६:१५

दिवाणजींचं ऐका. आज दुपारी चार वेळा घंटी झाली, चष्मा कपाळावर सारून माझ्याकडं आले. "मालक, हे मिनिमाइझ केलं तरी वाजतंय."

म्हटलं, होय की, तेच तर दुरुस्त केलंय, आठवडा घालवलाय त्यात.

"अहो, आवाज बंद व्हावा म्हणूनच तर मी मिनिमाइझ करत होतो. बेरीज चुकते."

आता काय बोलायचं? ब्राउजर बनवणाऱ्यांना दिवाणजी माझ्यापेक्षा चांगले कळलेत. शिवाय दिवाणजी माग थोडेच सुरू करणार आहेत, घंटी ऐकून ते उठून जॉबरला (मागांची देखभाल करणारा) हाक मारायचे, ती पण दुसऱ्या हाकेला ऐकू जायची. २४ मागांच्या आवाजात हाक म्हणजे काय ते खात्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

स्पीकर ऑफिसातून काढला. १२ मीटर वायर ओढून जॉबरच्या बाकड्यावर खिळ्याला टांगला, आवाज पूर्ण वर करून. तरी ऐकू कमीच येतंय. त्यामुळं आता लाल दिवा लावायचाय, यूएसबी रिलेवरचा. कोणी इलेक्ट्रॉनच्या मेन प्रोसेसमधून सीरियल पोर्ट चालवलाय का? नवीन प्रश्न टाकू की इथंच विचारू?